कॉपीट्रीची वाट: 'एका ओळीचं काम' ऐकून निघणाऱ्यांसाठी

निघायचं ठिकाण: विंडोजवर भरलेली एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत) डिस्क आणि लिनक्सचा एक जुना होम फोल्डर. मुक्काम: ईएक्सटी४ची (लिनक्सची तशीच पद्धत) नवी डिस्क. वाहन: पायथनच्या शटिल लायब्ररीतलं कॉपीट्री, म्हणजे अख्ख्या फोल्डरची नक्कल करणारं फंक्शन. ज्याला विचाराल तो म्हणतो, "एका ओळीचं काम, आतले फोल्डर तेच बघून घेतं." ओळ एकच आहे, खरं आहे. पण मधल्या घाटाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. टर्मिनल चालवता येतं आणि ट्रेसबॅक (पायथनचा चुकीचा अहवाल) वाचता येतो, एवढी तयारी इथे गृहीत धरली आहे.

पायथन ३.८ पेक्षा जुनं असेल तर निघूच नका. तिथे मुक्कामाचा फोल्डर आधीच असला की दारातूनच परत पाठवतात. ३.८ पासून डर्स_एक्झिस्ट_ओके ला ट्रू देता येतं, पण मग त्याच नावाच्या जुन्या फाइलींवर न विचारता नव्या चढतात. लिनक्सच्या सीपी -आर कमांडची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: मुक्कामाचा फोल्डर असेल तर सीपी त्याच्या आत मूळ नावाचा आणखी एक फोल्डर करतं, कॉपीट्री मात्र सगळा माल थेट तिथेच ओततं.

आता तो घाट, म्हणजे सिमलिंक: दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारा दुवा. काहीच सांगितलं नाही तर कॉपीट्री सिमलिंक्स फॉल्स धरतं. दुवा दिसला की दुव्याची नक्कल होत नाही, तो जिथे नेतो तिथला अख्खा माल उतरवला जातो. तो दुवा फिरून वरच्याच फोल्डरकडे येत असेल तर? आपण इथून आधी गेलो होतो याची कॉपीट्री कुठेही नोंद ठेवत नाही. पुन्हा वरून सुरुवात, पुन्हा तोच दुवा, पुन्हा वर. लिनक्सचा कर्नल एका पाथमध्ये ४० च दुवे ओलांडू देतो, म्हणून ही प्रदक्षिणा कधीतरी संपते. तोवर २ जीबीच्या फोल्डरने ८० जीबी ओलांडलेले असतात. असे दोन दुवे असतील तर हिशेबच सोडा, कारण प्रत्येक पातळीवर वाट दुप्पट फुटते. डिस्क भरली तरी गाडी थांबत नाही. 'जागा नाही' ही चूक यादीत टाकून ती पुढच्या फाइलकडे वळते, कारण कॉपीट्री चुका साठवतं आणि अगदी शेवटी शटिल.एरर म्हणून एकदम अंगावर टाकतं. ही चूक गिळणारा एक्सेप्ट लिहिला असेल तर 'झालं' असा संदेश येईल आणि निम्म्या फाइली तिथे नसतील.

उपाय म्हणून सगळे सांगतात: सिमलिंक्स ट्रू करा. करा, पण तो अर्धाच उपाय आहे. दुव्यात पूर्ण पाथ लिहिलेला असेल तर नकलेतला दुवाही मूळ फोल्डरकडेच बोट दाखवतो. नकलेत फाइल उघडून बदललीत की बदल मुळात होतो. मूळ पुसलंत की दुवा लटकला. म्हणून निघण्याआधी फाइंड ला -टाइप एल देऊन सगळ्या दुव्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचा रीअलपाथ (तो शेवटी जिथे पोहोचतो तो पूर्ण पाथ) बघा. पूर्ण पाथ लिहिलेले आणि मूळ फोल्डरच्या बाहेर जाणारे दुवे हाताने निकालात काढा. विंडोजवर तर जंक्शन नावाचा फोल्डरच्या दुव्याचा आणखी एक प्रकार आहे. सिमलिंक्स ट्रू असतानाही कॉपीट्री जंक्शनच्या आत शिरतंच. तिथे विंडोजची रोबोकॉपी कमांड बरी, /एक्सजे (जंक्शन वगळ) लावून.

मुक्काम मूळ फोल्डरच्या पोटात ठेवू नका. थेट पहिल्या पातळीवर ठेवला तर पहिली फेरी निभावते, कारण कॉपीट्री यादी आधी घेतं आणि फोल्डर नंतर करतं. दुसऱ्या फेरीत मात्र आदल्या नकलेचीही नक्कल होते. एक पायरी खाली ठेवला तर पहिल्याच फेरीत नक्कल स्वतःला गिळत खोल खोल जाते.

मराठी नावांवर वेगळा कर आहे, आणि तो कोणी आधी सांगत नाही. एनटीएफएसवर एका नावाला २५५ यूटीएफ-१६ एकक चालतात, ईएक्सटी४वर २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं; काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' डोळ्यांना सहा अक्षरं, पण चिन्हं ११ आणि बाइट ३३. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवायचं, एक्स्टेन्शन इंग्रजी असलं तरी त्याचे बाइट यातूनच. 'वडिलोपार्जित जमिनीचा फेरफार उतारा आणि सोबतची सर्व कागदपत्रं स्कॅन केलेली प्रत अंतिम सुधारित आवृत्ती' छापाची नावं विंडोजवर सुखाने नांदतात आणि इथे 'फाइल नेम टू लाँग' म्हणून गळतात. आधीच पायथनच्या ओएस.वॉकने सगळे फोल्डर फिरून प्रत्येक नाव एन्कोड करून लांबी मोजा.

जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क असेल तर 'ऱ' हे अक्षर र आणि नुक्ता असं फोडून आलेलं असतं. ईएक्सटी४ला ते वेगळं नाव वाटतं आणि 'दुसऱ्या सहामाहीचे हिशेब' असे दोन हुबेहूब फोल्डर शेजारी शेजारी बसतात. पायथनच्या युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने एनएफसी (अक्षराचं जोडलेलं रूप) करून घ्या.

काय वगळायचं ते कॉपीट्रीला सांगणारं इग्नोर_पॅटर्न्स फक्त नाव बघतं, पाथ नाही. 'बिल्ड' वगळा म्हटलं की सगळ्या पातळ्यांवरचे बिल्ड गेले. मालकी आणि एसीएल (कोणाला कोणता हक्क याची यादी) कॉपीट्रीने येत नाहीत. ती हवी असतील तर आरसिंक कमांड, -aAX लावून. त्यात मोठ्या लिपीतला A एसीएलसाठी; मालकी आणण्यासाठी रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) हक्क लागतो.

बाकीचा रस्ता सपाट आहे.

पोहोचल्यावर तपासणी. पायथनचं फाइली ताडून बघणारं फाइलसीएमपी.सीएमपी नुसतं चालवाल तर ते फसवेल: मुळात ते प्रकार, आकार आणि बदलाची वेळ जुळली की 'सारखी' म्हणतं, आणि कॉपीट्री ती वेळ मुळातूनच उचलून आणतं. शॅलो फॉल्स द्या, म्हणजे आतले बाइट वाचले जातील. माल पेनड्राइव्हवर नेत असाल आणि तो एफएटी३२ पद्धतीचा असेल तर वेळ दोन सेकंदांच्या पटीतच साठते, शिवाय ४ जीबीची फाइल तिथे मावतच नाही.