वाघनखं बघायला निघालो, रमलो चिलखतापाशी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं १९ जुलै २०२४ पासून साताऱ्यात बघायला मिळणार, ही बातमी आली आणि आमच्या घरात ‘कधी जायचं’ची भुणभुण सुरू झाली. कराडहून सातारा म्हणजे फार तर तासाचा रस्ता. पण घरात माणसं सहा आणि सहाही सहा तऱ्हेची. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वय शहात्तर, डावा गुडघा कामातून गेलेला. विराज सहावीत, त्याला जगातली सगळी हत्यारं मोबाइलच्या गेममधून पाठ. सई पहिलीत; तिला भूक लागली की कुठलाही इतिहास तिथंच संपतो. नवऱ्याला रविवारशिवाय सुट्टी नाही. आणि सासूबाई यायलाच तयार नव्हत्या.

त्यांचं कारण खोडून काढण्यासारखं नव्हतं. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाची ही नवी इमारत लोकांसाठी खुली व्हायच्या आधी, करोनाच्या काळात तिथं जम्बो कोविड हॉस्पिटल उभारलं होतं. दुसऱ्या लाटेत आई तिथंच ऑक्सिजनवर होत्या. “एकदा देवानं बाहेर काढलं, आता परत कशाला त्या बिल्डिंगीत? तुम्ही जावा, मी डबा करून देते.” यावर कोण काय बोलणार?

पहिले रविवार पावसानं खाल्ले, मग गौरी-गणपती आले. गणपती गेल्यावर नवऱ्यानं सरळ एक दिवस रजा टाकली. आईंना अण्णांनीच तयार केलं, तेही त्यांच्या पद्धतीनं. “तू न्हाईस तर मी बी न्हाई. मला गाडीतनं उतरवायचं कुणी, सूनबाईनं?” आईंनी मुकाट्यानं पातळ बदललं. डबा मात्र केलाच.

संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे, त्यामुळे बसनं येणाऱ्याला सोयीचं आणि गाडी लावणाऱ्याला ताप. आम्ही जरा लांब गाडी लावून चालत आलो. पुढं कुठल्यातरी शाळेच्या मुलींची सहल होती, दोन-दोनच्या रांगेत, प्रत्येकीच्या हातात वही. रविवारची गर्दी नको म्हणून आडवार निवडावा तर सहली भेटतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी सहलच पसंत करीन. बाई त्यांना समजावून सांगत असतात, त्यात आपल्या मुलांचंही भागतं.

अण्णांना रांगेत उभं राहणं जड जात होतं, पण खुर्ची मागायला ते तयार होईनात. शेवटी बॅगा तपासणाऱ्या सुरक्षारक्षकानंच त्यांच्या उभं राहण्यावरून ओळखलं असावं. “काका, फौजेत का? पलटण कुठली?” “फर्स्ट मराठा. जंगी पलटण.” तोही माजी सैनिक निघाला. पुढच्या मिनिटाला खुर्ची आली, आणि आम्ही मागितली असती तर नको म्हणणारे अण्णा निवांत टेकले. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी भिडेखातर गप्प राहू नये.

वाघनखांपाशी थांबायला मिळाला तो वेळ थोडाच. मागून रांग सरकत होती. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच : एवढीशी? सिनेमात आणि मिरवणुकीत पाहून आपल्या डोक्यात भलंमोठं काहीतरी बसलेलं असतं. प्रत्यक्षात ती पोलादाची आखूड पट्टी, टोकांना बोटं घालायच्या अंगठ्या आणि खाली वळलेली नखं. अण्णांनी स्वतःचा हात पुढं करून विराजला दाखवलं : अंगठ्या बोटांत, नखं तळहाताच्या आत. बाहेरून दिसणार काय, तर दोन अंगठ्या. “मूठ उघडंस्तवर समोरच्याला कळत न्हाई. लहान हाय म्हणूनच कामाचं.”

“पण खरी तीच आहेत का गं ही?” विराजनं विचारलं, तेही चांगलं मोठ्यानं. पुढच्या एक-दोन माना वळल्या.

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, म्हणून वाचून गेले होते. १८१८ ला मराठेशाही बुडाल्यावर जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला आणि १८२२ पर्यंत इथं होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. त्याच्याकडची ही वाघनखं त्याच्या नातवानं म्युझियमला दिली. बरोबरच्या पेटीवर, याच वाघनखांनी शिवाजी महाराजांनी मोगल सरदाराला मारलं, असं इंग्रजीत कोरलंय. अफझलखान मोगलांचा नव्हे, आदिलशाहीचा सरदार. म्हणजे लिहिणाऱ्याची माहिती ऐकीव होती हे पेटीवरच दिसतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. विराजला मी हे सगळं सांगितलं, तिथंच, हळू आवाजात. मुलांपुढं ‘हीच ती’ म्हणून ठासून सांगण्यात मला अर्थ वाटत नाही, आणि ‘सगळं खोटं’ म्हणून हात झटकण्यातही नाही. साताऱ्यातून गेलेली एक वस्तू दोनशे वर्षांनी साताऱ्यात बघायला मिळाली, मला तेवढंही पुष्कळ होतं.

त्याचं समाधान झालं नाही. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. “भेटायला जाताना हत्यार लपवून नेणं म्हणजे चीटिंगच ना?”

मी शब्द जुळवेपर्यंत अण्णा म्हणाले, “बोलणी चालू हायत म्हणून पहाऱ्यावरचा संत्री हलवायचा नसतो.” आणि मग, आजवर आम्हांला कधीही धड न सांगितलेली जमालपूरची गोष्ट त्यांनी त्या गर्दीत सांगितली. डिसेंबर १९७१, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान. जमालपूरला वेढा पडलेला. आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. पलीकडच्या कर्नलनं नकाराचं उत्तर धाडलं आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून दिली. “मग?” “मग काय. रात्रीचे ते वेढा फोडून निघाले आन् आमच्या मोर्च्यांवर येऊन धडकले. आमी झोपलो असतो तर?” विराज गप्प झाला. पटलं म्हणून की गोष्टीत गुंतला म्हणून, सांगता येत नाही.

पुढं शस्त्रांच्या दालनात रांग नव्हती. गंमत बघा, सगळी गर्दी एका काचेपुढं आणि बाकीच्या तलवारी, भाले, ढाली, दांडपट्टे जवळजवळ मोकळे. आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो तिथंच. दांडपट्ट्याचं पातं बघून विराज म्हणाला, ही तर लांब तलवार. अण्णांनी त्याला मूठ बघायला लावली. कोपराच्या खालपर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो, आत आडवी दांडी मुठीत धरायची. म्हणजे मनगट बांधलं गेलं. “आता फिरव बघू.” विराजनं मनगट न वळवता हात फिरवला आणि सहलीतल्या एका मुलीच्या दप्तराला लागला. तलवार मनगटावर खेळते, पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो, म्हणून पट्टेकरी घडायला वर्षं लागतात. अफझलखानाचा सय्यद बंडा पट्ट्यात तरबेज होता असं म्हणतात, आणि त्याचा हात ऐनवेळी छाटणारा जिवा महाला तर आपल्या वाई तालुक्यातला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे पोरांना पाठ होतं. पट्ट्याची मूठ पाहिल्यावर जिवानं नेमका हातच का छाटला, हे विराजनं आपल्या आपण सांगितलं. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण त्या मुठीत अडकलेला हात चटकन सोडवता येणार नाही, हे दिसत होतं.

चिलखतापाशी आई थांबल्या. त्या आयुष्यभर लोकर विणत आल्यात, त्यामुळे त्यांचं लक्ष थेट कड्यांवर. “उलट-सुलट टाक्यासारखंच हाय की. एक कडी चार कड्यांत अडकवलीया.” आम्ही वाकून पाहिलं. खरंच, प्रत्येक कडी शेजारच्या चारांतून गेलेली. अशा चिलखताचं वजन दहा किलोच्या आसपास भरतं, हे मी सांगितलं. त्यावर आई म्हणाल्या, खांद्याला खाली जाड काहीतरी शिवत असणार, नाहीतर सोलून निघायचं. बरोबरच आहे, खाली कापूस भरलेला कपडा घालत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून निघताना त्या एका खिडकीपाशी गेल्या, बाहेर बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “माझी खाट हितंच कुठंतरी व्हती बघ. ती इमारत दिसायची.” नवरा त्या दिवसांत गेटबाहेर रात्र-रात्र थांबलेला, त्याला आतलं काही माहीत नव्हतं. दोघंजण तिथं उभं राहून बाजूचा पलंग कुणाचा, चहा कुठून यायचा असलं बोलत राहिले. आम्ही पुढं गेलो. सईची भूक तोवर गळ्यापर्यंत आली होती.

डबा गाडीतच उघडला. परत येताना महामार्ग सोडून अपशिंगे मिलिटरीला वळलो, अण्णांच्या हट्टानं. घरटी माणूस सैन्यात देणारं म्हणून हे गाव ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक इंग्रज सरकारनं उभारलं. तिथं तिकीट नाही, रांग नाही, पाच मिनिटांत बघून होतं. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुट शहराच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत त्याही होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला ती फौज उपासमारीनं शरण गेली. शाळेत मला यातलं काही शिकवलं नव्हतं. विराजला ४६ हा आकडा वर्गातल्या मुलांशी ताडून बघावासा वाटला. त्याच्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत.

आमच्यासारखं तीन पिढ्यांनी जायचं असेल, तर मला सुचतं ते एवढंच : गर्दीची वस्तू आधी उरकून घ्या, मग मोकळ्या दालनात बसा. सगळं बघायचा हट्ट नको. दोन-तीन वस्तू निवडा. आणि घरात फौजेतला, लोहारकाम केलेला, किंवा नुसता विणकाम येणारा माणूस असला, तर त्याला पुढं चालू द्या.

आता अण्णांना रेजिमेंटच्या सेंटरमधलं संग्रहालय दाखवायला बेळगावला जायचंय. लष्करी हद्द आहे, नातवंडांना आत सोडतात का, कुठली ओळखपत्रं लागतात, ही विचारपूस माझ्या गळ्यात पडलीय. आई या वेळी न सांगता तयार आहेत. फक्त डब्यात काय न्यायचं यावर त्यांचं आणि सईचं अजून एकमत नाही.