अंधारी केंद्रकं

कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली, कव्हरस्लिप (पेशी चिकटलेली पातळ काच) मायक्रोस्कोपखाली सरकवली, फोकस लावला आणि पोटात गोळाच आला. जी केंद्रकं काळीकुट्ट दिसायला हवी होती, ती लालभडक पेटली होती.

आमचं काम प्रथिनं पेशीच्या केंद्रकात कशी शिरतात ते बघण्याचं. त्या दिवशी समोर दोन नळ्या होत्या, दोन्हींत लाल चमकणारा रंग जोडलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन. पहिल्या नळीतल्या अल्ब्युमिनला सात अमिनो आम्लांची छोटी साखळी चिकटवलेली, एसव्ही ४० या विषाणूच्या प्रथिनातली. हाच केंद्रकात शिरायचा परवाना. दुसरी नळी म्हणजे कंट्रोल; तिच्यातल्या साखळीत फक्त एका लायसिनच्या जागी थ्रिओनिन. एवढ्या एका बदलाने प्रथिन बाहेरच अडतं, हे १९८४ सालापासून माहीत आहे. लहान प्रथिनं केंद्रकाच्या रंध्रांतून आपोआप झिरपतात, पण साधारण ४० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) वर ते जमत नाही आणि अल्ब्युमिन तर ६६ किलोडाल्टनचं. मग हे आत गेलं कसं?

त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. गेल्या दोन आठवड्यांत मी पहिल्या नळीचे कितीतरी प्रयोग केले होते, झगमगती केंद्रकं बघून हरखून फोटो काढून ठेवले होते. घाईघाईत दर वेळी हा कंट्रोल लावला नव्हता. आता त्यातला एकही फोटो खरा धरता येत नव्हता.

मॅडमना बोलावलं. त्यांनी एकदाच डोळा लावला.

"डेक्स्ट्रान टाकून बघितलंस?"

"नाही, मॅडम."

"मग आधी ते बघ. प्रथिनाला दोष नंतर देऊ."

आम्ही वापरतो ती पद्धत १९९० सालची, डिजिटोनिनची. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर, केंद्रकाच्या आवरणात अगदी थोडं. म्हणून बेताने दिलं तर बाहेरच्या पटलाला भोकं पडतात, आतला द्रव वाहून जातो आणि केंद्रक शाबूत राहतं. मग पेशीद्रव, ऊर्जा पुरवणारे एटीपी आणि जीटीपी हे रेणू आणि हवं ते प्रथिन आपण बाहेरून घालायचं. हात जड झाला तर मात्र केंद्रकाचंही आवरण फाटतं.

डेक्स्ट्रान म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. हिरवं चमकणारं ७० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान घातलं. धड केंद्रकात ते शिरूच शकत नाही. माझी सगळी केंद्रकं हिरवीगार.

डिजिटोनिनची बाटली दोन आठवड्यांपूर्वी बदलली होती. हे वनस्पतीतून काढलेलं मिश्रण, प्रत्येक बाटलीचा जोर सारखा नसतो. मी मात्र जुनंच प्रमाण चालवत होते. दुपारभर बर्फाच्या ट्रेपुढे बसून प्रमाण उतरवत गेले. दर वेळी कव्हरस्लिप थेंबावर उपडी घालायची, पाच मिनिटं थांबायचं, कडेला फिल्टर पेपर टेकवून पाणी टिपायचं, धुवायचं. ट्रायपॅन ब्लू हा रंग पटल फाटलेल्या पेशीतच शिरतो; त्याने जवळपास सगळ्या पेशी निळ्या होतात, म्हणजे बाहेरचं पटल उघडलंय. आणि डेक्स्ट्रान बाहेर राहतं, म्हणजे केंद्रक धड आहे. दोन्ही एकदम साधलं तेव्हा प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं.

संध्याकाळी पहिल्या नळीतलं प्रथिन पुन्हा लावलं. एक कव्हरस्लिप मुद्दाम बर्फावरच ठेवली. ती बघितली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. प्रत्येक केंद्रकाभोवती बारीक लाल कडं, आत अंधार. पेशीद्रवातल्या वाहक प्रथिनांपैकी इम्पोर्टिन अल्फाने साखळी ओळखली होती, इम्पोर्टिन बीटाने दोघांना रंध्रापर्यंत आणलं होतं, पण थंडीत पुढचं पाऊल पडत नव्हतं. हजारो रंध्रांशी खोळंबलेलं प्रथिन मिळून ते कडं झालं होतं. वाचलेलं होतं सगळं. डोळ्यांनी असं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं.

दुसरी कव्हरस्लिप अर्धा तास ३० अंशांवर ठेवलेली. तिच्यात कडं विरलेलं, केंद्रकं भरून लाल. आत रॅन नावाचं प्रथिन जीटीपी धरून असतं; ते बीटाला चिकटलं की सामान सुटतं आणि आतच राहतं. रॅनला जीटीपी मिळवून देणारं आरसीसी १ हे प्रथिन आतल्या क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याला बांधलेली प्रथिनं) चिकटलेलं असतं आणि तो जीटीपी तोडायला लावणारं प्रथिन बाहेर. आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे पेशीला एवढ्यावरून कळतं. मला ही मांडणी फार सुंदर वाटते.

थ्रिओनिनवाली कव्हरस्लिप मी शेवटी ठेवली होती. फोकस फिरवताना हात थोडा कापत होता. काळी, गोल, स्वच्छ केंद्रकं, एकामागून एक. पेटलेल्या केंद्रकांपेक्षा जास्त वेळ मी तीच बघत बसले. मग फोटो काढला, बाटलीवर नवं प्रमाण आणि तारीख लिहिली, आणि वहीतल्या गेल्या दोन आठवड्यांच्या पानांवर 'पुन्हा करायचे' असं लिहायला घेतलं.