कोपीवरचा पत्ता

४ जानेवारी २०२४, गुरुवार. लेखा कार्यालयाकडून, म्हणजे आमच्या वरच्या डाकघराकडून, आलेली थैली फोडली, बी. ओ. स्लिपशी (सोबतच्या यादीशी) ताळा केला. नोंदीचं टपाल १७ नग. त्यातली ११ पाकिटं अशा घरांची, ज्यांना दिवाळीच्या आतच कुलूप लागलं होतं.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाखा डाकघराला हे नवं नाही. दसरा झाला की मुकादमांचे ट्रक लागतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही. तिकडेही बिऱ्हाड एका जागी राहील याची खात्री नसते. एका गटातला ऊस संपला की कोप्या, म्हणजे राहत्या झोपड्या, मोडायच्या, टायरगाडीवर संसार टाकायचा आणि पुढच्या माळावर पुन्हा उभ्या करायच्या. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीला घर नंबर नसतो, गल्ली नसते. पण आधार कार्ड, बँकेची पत्रं, कोर्टाची समन्स हे सगळं येतं गावच्याच पत्त्यावर.

अशा पाकिटावर शेरा काय मारायचा, हा आमच्या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग आहे. ‘लेफ्ट’ लिहिलं, म्हणजे माणूस पत्ता सोडून गेला, की पाकीट लगेच पाठवणाऱ्याकडे परत जातं. ‘डोअर लॉक्ड’ लिहून सूचना चिकटवली की ते डाकघरात ७ दिवस जमा राहतं. ऊसतोडीला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नसतो. घर त्याचं, रेशन कार्ड इथलं, मतदान इथलं. त्याच्या पाकिटावर ‘लेफ्ट’ लिहिणं चूक आहे, आणि घाईत ही चूक फार होते. शेरा दोन अक्षरी, पण त्यानं माणसाचं काम वर्षभर मागं पडतं.

त्या ११ मधलं एक पाकीट पोचपावतीसह रजिस्टर होतं, एका विमा कंपनीकडून. नाव गावातल्या एका विधवा बाईचं. नवरा आदल्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाई आता भावाबरोबर अर्ध्या कोयत्यावर (जोडीचा एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा) गेलेली, घरी सासू आणि दोन लेकरं. सासू म्हणाली, “दे की माझ्यापाशी.” देता येत नव्हतं. रजिस्टर टपाल तेव्हा वेगळं होतं, सप्टेंबर २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. ते पत्र ज्याच्या नावचं त्याच्याच सहीनं द्यायचं असायचं. दुसऱ्यानं घ्यायचं असेल तर ज्याच्या नावचं पत्र त्यानं दिलेलं लेखी अधिकारपत्र लागायचं. सूचनेची चिठ्ठी सासूच्या हातात दिली आणि तिच्याकडून मुकादमाचा नंबर घेतला.

मुकादमाला फोन करताना फार जपावं लागतं. “कशाचं हाय ते?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मी एवढंच सांगितलं, की नोंदीचं टपाल आहे, त्यांचीच सही लागते, त्यांच्याशी बोलणं करून द्या. पाठवणारा कोण हे टपाल खात्याच्या माणसानं तिसऱ्याला सांगायचं नसतं. आणि इथं त्याला आणखी एक कारण होतं. बाईच्या नवऱ्यानं मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटायची बाकी होती. पैसे येणार एवढा वास लागला असता, तरी ते हातात पडायच्या आत त्यांचा हिशेब झाला असता. संध्याकाळी फडावरून आल्यावर बाईनं फोन केला. तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “ताई, ते माज्याच हातात पडू द्या.”

म्हणजे अधिकारपत्राचा मार्ग बंद. उरलं पुनर्निर्देशन, पाकीट ती असेल तिथल्या डाकघराला वळतं करणं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, पण तिचा सहीचा लेखी अर्ज लागतो, आणि तो मूळ कागदच हवा. तिच्या भावानं कागदाचा फोटो पाठवला, तो उपयोगाचा नव्हता. फोटोवरच्या अंगठ्यावर उद्या कोणीही शंका घेतली असती, आणि घ्यायलाही हवी.

मुदत ११ तारखेपर्यंत. अर्ज पोस्टानं मागवला तर वेळेत आला नसता. टोळीतला एक मुलगा चुलत्याच्या दहाव्याला ९ तारखेच्या रात्रीच्या एसटीनं निघणार होता, त्याच्याकडे द्यायचं ठरलं. अर्जाचा मजकूर मी फोनवर सांगितला आणि कोप्यांजवळच्या साखर शाळेच्या (ऊसतोड्यांच्या मुलांच्या शाळेच्या) शिक्षिकेनं तो लिहून घेतला. पाकिटावर आहे तसंच पूर्ण नाव. गावचा पत्ता, नवा पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मोबाइल नंबर. खाली अंगठा, अंगठ्याशेजारी ‘हिचा अंगठा’ असं लिहून नाव, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, नावं, नंबर. साक्षीदार मुकादम नको म्हणून आधीच सांगितलं होतं. एक शिक्षिका, एक किराणा दुकानदार.

नव्या पत्त्यावर मात्र अडलं. टोळीतल्या कोणालाही विचारा, तो गावाचं नाव सांगतो नाहीतर कारखान्याचं. टपालाला लागतं पोस्टाचं नाव. दुकानदाराच्या पाटीवर ४१५ नं सुरू होणारा पिन होता, तोच त्यांनी अर्जात घातला. मी यादीत ताडून पाहिला तर तो कारखान्यावरच्या डाकघराचा निघाला, कोप्यांपासून ९ किलोमीटरवर. दुकानदाराला पुन्हा फोन केला आणि विचारलं, “तुमच्या पाटीवरचा नको, तुमच्याकडं पोस्टमन येतो तो कुठून येतो?” तेव्हा खरं उपडाकघर कळलं, बाजाराच्या गावातलं, ३ किलोमीटरवर. तिथं फोन करून पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, माळावरच्या कोप्या कोणत्याच पोस्टमनच्या बीटमध्ये, म्हणजे रोजच्या फेरीत, नाहीत, माणूस गेला तरी दिवसा कोपीत कोण सापडणार, सगळे पहाटे फडात.

म्हणून पत्ता पोस्ट रेस्टंट केला. ही सोय फिरत्या माणसासाठीच आहे: पाकीट दारात जात नाही, डाकघराच्या काउंटरवर थांबतं, आणि माणूस ओळखपत्र दाखवून घेऊन जातो. पत्ता तीन ओळींचा: पूर्ण नाव, त्याखाली ठळक ‘पोस्ट रेस्टंट’, त्याखाली उपडाकघराचं नाव, जिल्हा आणि पिन. नाव खरं आणि पूर्ण लागतं. टोपणनावावर किंवा नुसत्या आद्याक्षरांवर आलेलं टपाल मिळत नाही.

१० तारखेला दुपारी अर्ज हातात आला. जुन्या पत्त्यावर एकच आडवी रेघ ओढली. खोडून काळा करायचा नाही. वाटेत काही घोटाळा झाला तर जुना पत्ता वाचता आला पाहिजे. नवा पत्ता डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत लिहिला, खाली तारखेचा शिक्का आणि सही. बारकोडला पेन, शिक्का, डिंक काहीही लागू दिलं नाही. ते तेरा अक्षर-आकडे वाचता आले नाहीत तर पुढं प्रत्येक ठिकाणी पाकीट हातानं चढवावं लागतं आणि तिथंच चुकतं. पोचपावतीचं कार्ड सुटत नाही ना तेही पाहिलं. दोऱ्याची एक गाठ सैल होती, ती आवळली. यंत्रात ‘रिडायरेक्ट’ची नोंद केली, अर्ज फाइलला लावला, संध्याकाळच्या थैलीत पाकीट रवाना.

मग बाईला दोन गोष्टी सांगितल्या. एक, कधी जायचं. फडाला सुट्टी नसते, एक दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. बाजार बुधवारचा, तेव्हा मुकादम आठवड्याचा खर्च देतो आणि बाया बाजाराला जातातच. पाकीट १६ तारखेला तिकडं पोचल्याचं नंबर टाकून पाहिलं, तेव्हाच १७ ला जा म्हणून कळवलं. दोन, काय न्यायचं. पाकिटावर मधलं नाव नवऱ्याचं होतं. आधारवर काय आहे विचारलं तर वडिलांचं. काउंटरवरच्या माणसानं यावर अडवलं तर ती त्याची चूक म्हणता येणार नाही. तिच्या बँक पासबुकावर फोटो होता आणि नाव सासरचं. आधार आणि पासबुक दोन्ही न्यायला सांगितलं. तसंच झालं, काउंटरवर नावावरून थांबवलं आणि पासबुकावर सुटलं.

आत काय होतं ते तिनंच नंतर सांगितलं. कंपनीनं दाव्याचा अर्ज सही करून आणि दाखल्यांच्या प्रती ३१ जानेवारीच्या आत मागितल्या होत्या. प्रती ती कोपीत पत्र्याच्या पेटीत जवळ बाळगूनच फिरत होती, पाचटाला आग लागते म्हणून. शिक्षिकेनं अर्ज भरून दिला आणि पुढच्या बुधवारी, २४ तारखेला, त्याच काउंटरवरून स्पीड पोस्ट केला. पाकीट इथून ‘लेफ्ट’ म्हणून परत गेलं असतं, तर कंपनीकडं ती ‘पत्त्यावर न सापडलेली’ ठरली असती.

बाकीच्या दहातली सगळी वाचली नाहीत. एक पाकीट एटीएम कार्डाचं, त्यावर ‘पत्ता बदलून पाठवू नये’ असंच छापलेलं. ते सात दिवसांनी परत गेलं. अशा कार्डासाठी हंगामाआधीच बँकेत सांगून ते शाखेत ठेवून घ्यायला लावणं हाच उपाय. तिघांचे अर्ज मुदतीच्या आत आले नाहीत, तीही परत गेली. तिघांच्या घरी आलेल्यांनी अधिकारपत्रं आणली. दोन जण स्वतःच गावी आले होते. उरलेलं एक माणूस सापडला नाही म्हणून परत.

आता ट्रक भरायच्या आधीच अर्ज घेते. सप्टेंबरमध्ये मुकादमांकडे उचलीची बोलणी सुरू होतात, त्याच आठवड्यात. घरी राहणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, त्याच्या सहीचा नमुना, टोळीतल्या दोघांचे मोबाइल नंबर, कारण एकाचा नंबर हंगामात बदलतोच. अर्जाची मुदत तीन महिन्यांची लिहून घेते आणि संक्रांतीला कोणी गावी आलं की नव्यानं अंगठा. नव्या पत्त्याची ओळ तेवढी कोरी ठेवते. ती कोप्या उभ्या राहिल्यावर, पोस्टमन कुठून येतो हे विचारूनच भरायची असते. गेल्या दसऱ्याला ती बाई अर्ज द्यायला आली, तेव्हा ती ओळ तिनं कोरी ठेवू दिली नाही. टोळी पुन्हा त्याच गटात जाणार होती, आणि पोस्टाचं नाव पिनसकट तिला पाठ होतं.