डहलॉनेगाचा संच: नऊपैकी सात

अमेरिकेतल्या डहलॉनेगा टांकसाळीत पडलेल्या सोन्याच्या नाण्यांचा नऊ जागांचा संच मी जमवतोय. मागे लिहिलं होतं तेव्हा संचात पाच नाणी होती, आता सात आहेत. राहिलेल्या दोन जागा सगळ्यात अवघड आहेत हे पहिल्यापासून माहीत होतं. तरी इथवर येताना बरंच शिकायला मिळालं, म्हणून या वेळी जरा ऐसपैस लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी संचाची आखणी सांगतो. डहलॉनेगा हे जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडचं डोंगराळ भागातलं गाव. अटलांटाच्या उत्तर उपनगरांत जी मराठी मंडळी राहतात, त्यांच्यापैकी पुष्कळजण शरद ऋतूत पानांचे रंग बघायला तिकडे जातात. मीही आधी त्यासाठीच गेलो होतो. १८३५ च्या कायद्याने अमेरिकेत तीन शाखा-टांकसाळी मंजूर झाल्या: न्यू ऑर्लिन्स, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट आणि डहलॉनेगा. शार्लट आणि डहलॉनेगा इथे फक्त सोन्याची नाणी पडली, तीही १८३८ ते १८६१ एवढीच वर्षं. डहलॉनेगाचं चिन्ह 'डी'. डेन्व्हरचंही 'डी'च आहे, पण तिथे नाणी पडायला १९०६ साल उजाडलं, त्यामुळे सालावरूनच फरक कळतो.

प्रत्येक सालचं प्रत्येक मूल्याचं नाणं घ्यायचं म्हटलं तर डहलॉनेगाची ५८ नाणी होतात, आणि ठशांतले भेद धरले तर आणखी. तेवढा माझा आवाका नाही. म्हणून मी प्रकारांचा संच ठरवला: मूल्य आणि रचना मिळून जेवढे वेगळे प्रकार तिथे पडले, त्या प्रत्येकाचं एक नाणं. एक डॉलरचे तीन, अडीच डॉलरचे दोन, तीन डॉलरचा एक आणि पाच डॉलरचे तीन, असे नऊ. यात १८३९ सालचं पाचाचं नाणं मी वेगळं धरतो, कारण त्या साली 'डी' दर्शनी बाजूला, सालाच्या वर आहे. १८४० पासून तो मागे, गरुडाच्या खाली गेला.

नऊचा आकडा लहान वाटतो खरा, पण यातले पाच प्रकार डहलॉनेगात एकेकाच साली पडले. १८३८ चं पाचाचं, १८३९ चं अडीचाचं, १८३९ चं पाचाचं, १८५४ चं तिनाचं आणि १८५५ चं एकाचं. तिथे साल बदलून स्वस्तात भागवता येत नाही. उरलेल्या चार जागांना मात्र निवडीला भरपूर वाव आहे. त्यातल्या पाचाच्या जागेसाठी मी १८४३-डी (म्हणजे १८४३ सालचं, 'डी' चिन्हाचं) घेतलंय. त्या साली ९८,४५२ नाणी पडली, डहलॉनेगाच्या मानाने हा मोठाच आकडा.

आता नव्या दोघांबद्दल. पहिलं १८३९-डी, अडीच डॉलरचं. पडली होती १३,६७४. वजन ४.१८ ग्रॅम, कस ०.९००, म्हणजे आपल्या हिशेबात २१.६ कॅरट. रचना विल्यम नीस यांची: कुरळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी, कपाळावरच्या पट्टीत लिबर्टी हा शब्द. मागे गरुड आहे, पण त्याच्यावरचं 'ई प्लुरिबस युनम' हे ब्रीद नाही. १८३४ मध्ये सोन्याच्या नाण्यांचं वजन कमी केलं, तेव्हा जुनी जड नाणी आणि नवी हलकी नाणी नजरेला वेगळी दिसावीत म्हणून ते काढलं होतं.

हे नाणं मी जवळपास वर्षभर शोधत होतो. बाजारात ते येतं, पण जे येतं त्यातलं बरंचसं धुतलेलं, घासलेलं असतं. मला मिळालेलं नाणं एयू ५० दर्जाचं, म्हणजे थोडंसंच वापरलेलं, आहे आणि चकाकत नाही. ते मला हवं होतं ते याचसाठी. भिंगाखाली धरलं की ताऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत आणि सालाच्या आकड्यांभोवती तांबूस तपकिरी मळ बसलेला दिसतो, दीडशे वर्षांहून अधिक काळ साचलेला. मोकळ्या पृष्ठभागावर मंद हिरवट पिवळी झाक आहे. कानावरच्या बटा सपाट आहेत; त्यातली थोडी झीज आणि थोडा ठसाच कमी उठलेला. दोन्ही वेगळं कसं ओळखायचं, तर रंग बघायचा. झिजलेल्या उंचवट्याचा रंग बाजूच्या सोन्यापेक्षा बदललेला असतो, ठसा न उठलेल्या जागी तो बाजूसारखाच राहतो आणि नाणं तिरपं फिरवलं की तिथेही थोडी चमक सरकते. फोटोवरून हे कळत नाही. नाणं हातात घेऊन, एका दिव्याखाली, सावकाश फिरवावं लागतं.

हिरवट झाकेचं कारण तिथल्या सोन्यातच आहे. जॉर्जियाच्या डोंगरातल्या सोन्यात निसर्गतःच चांदी असते. १८३७ च्या कायद्याने नाण्यात नऊ भाग सोनं आणि एक भाग इतर धातू ठरला, आणि त्या एका भागात चांदी निम्म्याहून जास्त नको अशी अट होती. त्या मर्यादेत राहिलेली चांदी तांब्याचा लालसरपणा मारते. पुढे १८५० च्या दशकात कॅलिफोर्नियाचं सोनंही डहलॉनेगात येऊ लागलं, त्यामुळे नंतरच्या नाण्यांत ही छटा एकसारखी सापडत नाही. सुरुवातीच्या नाण्यांत ती सापडली की मला फार आनंद होतो, कारण ते सोनं त्याच डोंगराचं असण्याची शक्यता मोठी असते.

आणि तो डोंगर कोणाचा होता हेही या नाण्यांबरोबर लक्षात ठेवायला हवं. जॉर्जियात सोनं सापडल्याचा बोभाटा १८२० च्या दशकाच्या शेवटी झाला, तेव्हा ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, चेरोकी लोकांची होती. १८३२ मध्ये राज्याने सोडत काढून चाळीस-चाळीस एकरांचे सोन्याचे तुकडे गोऱ्या वस्तीला वाटून टाकले. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेकडे हाकललं. त्या वाटेवर हजारो माणसं मेली. टांकसाळीतली पहिली नाणी त्याच साली पडली. माझ्याकडचं १८३८-डी काढलं की मला दर वेळी हे आठवतं. या संचाबद्दल कोणालाही सांगताना मी हे आधी सांगतो.

दुसरं नवं नाणं म्हणजे एक डॉलरचं १८५९-डी, तिसऱ्या प्रकारातलं. १५ मिलिमीटर व्यास, वजन १.६७ ग्रॅम, करंगळीच्या नखाएवढं. या प्रकारात १८५६ ते १८६१ पर्यंतचं कुठलंही साल चाललं असतं. सगळ्यांना भुरळ पडते ती १८६१-डीची. त्या साली यादवी युद्ध पेटलं, टांकसाळ दक्षिणेच्या ताब्यात गेली आणि उरलेल्या सोन्यातून एक डॉलरची थोडी नाणी पाडली गेली, ज्यांची सरकारी नोंदच नाही. त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे. १८६०-डीचा विचार केला होता. १,५६६ पडलेली, आणि 'युनायटेड'मधला 'यू' जवळजवळ उमटलेलाच नाही, ही त्याची खूण. शेवटी १८५९-डी घेतलं, कारण ४,९५२ पडल्यामुळे त्यात निवड करायला जागा होती आणि मला न धुतलेलं हवं होतं. प्रकारांच्या संचात दुर्मिळ सालाच्या मागे लागून खराब नाणं घेण्यात मला अर्थ दिसत नाही. सालांचा संच करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना मिळेल ते घ्यावं लागतं.

शार्लटला आमचे एक काका राहतात, मूळ साताऱ्याचे. ते 'सी' चिन्हाची नाणी जमवतात. फोनवर आमच्या गप्पा तासन्‌तास चालतात. जुलै १८४४ मध्ये शार्लटची टांकसाळ जळाली आणि पुन्हा सुरू व्हायला १८४६ उजाडलं, त्यामुळे तिथलं १८४५ चं नाणंच नाही. काका म्हणतात, "आगीनं माझा एका सालाचा खर्च वाचवला बघ." त्यांच्याकडचं १८५५-सी, एक डॉलरचं, मी प्रत्यक्ष पाहिलं. एका बाजूच्या ठशाचा वार दुसऱ्या बाजूच्या ठशावर बसलेला, त्याच्या रेघा दोन्ही बाजूंना स्पष्ट. हे साल जवळजवळ असंच मिळतं, आणि काकांनी ते आहे तसं प्रेमाने ठेवलंय.

पैशाची सोय कशी केली, हेही विचारलं होतं काहींनी. माझ्याकडे सॅन फ्रान्सिस्कोची वीस डॉलरची काही सर्वसाधारण नाणी होती. त्या प्रत्येकात ३० ग्रॅमच्या किंचित वर शुद्ध सोनं असतं, त्यामुळे त्यांचा भाव सोन्याच्या भावाबरोबर चढतो. सोनं चढलं तशी ती विकली. डहलॉनेगाच्या छोट्या नाण्यांचा भाव मात्र मुख्यतः दुर्मिळतेवर चालतो, धातूची किंमत त्यात थोडीच. सोनं महाग असताना वजनदार नाणी देऊन दुर्मिळ नाणी घेणं, हे मला या काळात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आता राहिलेल्या दोन जागा.

१८५५-डी, एक डॉलर: पडली १,८११. टांकसाळीचे कोरीवकार लाँगेकर यांची ही दुसऱ्या प्रकारची रचना मुळातच अडचणीची होती. पिसांचा मुकुट घातलेला चेहरा फार उठावाचा, आणि त्याच्या नेमक्या पाठीमागे सालाचे आकडे. धातू चेहऱ्यात भरला की आकड्यांना कमी पडतो. म्हणून बहुतेक नाण्यांत '८' पुसट असतो. आठ पूर्ण उमटलेलं नाणं मिळतं, पण त्याला वेगळीच किंमत मोजावी लागते. लिलावाआधीच्या पाहणीत मी दोन नाणी शेजारी शेजारी बघितली. एकाचा दर्जा वरचा, पण आठ जवळजवळ नाही आणि पृष्ठभाग रसायनात बुडवल्यासारखा उजळ. दुसरं दर्जाने खालचं, करड्या सोनेरी रंगाचं, आठ भिंगाखाली अख्खा. दुसऱ्यावर बोली लावली. माझ्या मर्यादेच्या पुढे गेलं आणि मी थांबलो. तशाच नाण्याची वाट बघतोय.

१८५४-डी, तीन डॉलर: पडली १,१२०. हे मूल्य डहलॉनेगात फक्त याच एका साली पडलं. तीन डॉलरचं नाणं का काढलं, याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे तेव्हाचं टपाल तीन सेंटांचं होतं आणि शंभर तिकिटांचा अख्खा ताव एका नाण्यात घेता यावा. लोकांनी ते फारसं वापरलं नाही. माझ्या संचातली ही सगळ्यात महाग जागा, धड नाणं पाच आकडी डॉलरच्या खाली मिळत नाही. इथे फसवणुकीची भीतीही मोठी. त्याच साली फिलाडेल्फियात १,३८,६१८ नाणी पडली, त्यातल्या एकावर मागून 'डी' चिकटवला की किंमत कित्येक पटींनी वाढते. १८५५ च्या डॉलरचंही तेच; फिलाडेल्फियाची साडेसात लाखांहून जास्त. म्हणून या दोन्ही जागांसाठी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीबाहेरचं नाणं मी बघतही नाही. डबीसुद्धा नकली निघू शकते, तेव्हा तिचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत टाकून तिथला फोटो आणि समोरचं नाणं ओरखड्यान्‌ओरखडा जुळवून बघायचं. चिन्हाच्या मुळाशी भिंग लावायचं. टांकसाळीच्या ठशातून आलेलं अक्षर पृष्ठभागातून वर चढतं, चिकटवलेल्याच्या बुडाशी सांधा दिसतो किंवा आजूबाजूचा रंग बिघडलेला असतो. ज्यांनी शिवराईचे ठसे भिंगाखाली जुळवलेत त्यांना ही नजर आधीपासूनच असते, फक्त इथे चूक फार महागात पडते.

या वर्षी डहलॉनेगाला पुन्हा गेलो. टांकसाळीची इमारत १८७८ मध्ये जळाली. तिच्याच पायावर विद्यापीठाचं प्राइस मेमोरियल हॉल उभं आहे, आणि त्याच्या मनोऱ्याला सोन्याचा वर्ख आहे. चौकात १८३६ चं जुनं न्यायालय आहे, तिथे आता सोन्याचं संग्रहालय. जाणार असाल तर तिथली नाणी घाईने बघू नका. मी १८५४-डी पुढे बराच वेळ उभा होतो. काठाचे दाते कुठे पुसट आहेत, 'डॉलर्स'ची अक्षरं किती बारीक आहेत, हे डोळ्यांत भरून घेतलं. तीन डॉलरवरची ही अक्षरं १८५५ पासून मोठी झाली, तेव्हा चौपन्नच्या नाण्यावर ती बारीकच हवीत.

पुढचा बेत असा: आधी १८५५-डी, मग दोन-तीन वर्षं पैसे साठवून १८५४-डी. मधल्या काळात १८४३-डी बदलायचा विचार आहे, कारण माझ्याकडच्या नाण्याच्या गालावर खोल ओरखडा आहे आणि या सालात त्याहून बरं नक्की मिळेल. कुणी १८५५-डी प्रत्यक्ष हाताळलं असेल, तर त्याचा रंग कसा होता आणि आठ कितपत उमटला होता, एवढं मला जरूर कळवा.