कोजागरी, साडी आणि दुसरी चिठ्ठी

गावभागातल्या आमच्या मंडळाची कोजागरी म्हटली की मला आधी आठवतो उकळत्या दुधातल्या जायफळाचा वास, मग परातीतलं भडंग, आणि मग सर. सांगलीत त्यांनी जन्मभर गणिती अर्थशास्त्र शिकवलं. सकाळी हळदीच्या सौद्यातले भाव टिपून आणायचे आणि त्याच आकड्यांवर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एक आकडा हलला की दुसरा किती वेगानं हलतो ते, समजवायचं. गणिताला भिऊन आर्ट्सला आलेली आम्ही पोरं त्यामुळेच तरलो.

नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव कोजागरीलाच व्हायचा. बोली ओरडून लागायची, ज्याचा आवाज मोठा त्याची साडी.

१९९६ च्या कोजागरीला सरांनी माइक घेतला. त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला, कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम विक्री यांना जेम्स मिर्लीस यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं, आणि ११ तारखेला ते वारले. "येलमध्ये गणित शिकले, हयात कोलंबियात शिकवण्यात गेली. ८२ व्या वर्षी मान मिळाला, तो तीन दिवस," एवढं बोलून सर थांबले. त्यांचे डोळे भरले होते. लिलाव शिकवणाऱ्याचं नाव विक्री, त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या ते कायमचं लक्षात राहिलं.

मग म्हणाले, "आज त्यांच्या रीतीनं करू." साडी आपल्याला जेवढ्याची वाटते तो आकडा ज्यानं त्यानं चिठ्ठीवर लिहायचा. सगळ्यांत मोठा आकडा त्याला साडी, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या चिठ्ठीएवढे. १९६१ च्या लेखात विक्रींनी हेच मांडलं होतं. फुगवून लिहिलं तर न परवडणाऱ्या भावाला साडी गळ्यात पडेल, कमी लिहिलं तर हातची जाईल. म्हणून मनातला खरा आकडाच फायद्याचा.

खजिनदार तात्या कुरकुरले, "सर, वरचे पैसे सोडून द्यायचे?"

"तात्या, फसायची भीती गेली की माणूस हात आखडत नाही."

आमच्या आळीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी दरवर्षी मागच्या सतरंजीवर बसायच्या. कधी बोली लावली नाही. त्या रात्री त्यांनी मला जवळ बोलावून कानात आकडा सांगितला, मी चिठ्ठीवर लिहिला: ३५१. दुसरी चिठ्ठी निघाली ३०० ची.

मोरपंखी साडी मांडीवर घेऊन मावशींनी पदराची गाठ सोडली, तीनशे मोजून दिले आणि उरलेल्या नोटा सरांपुढे धरल्या. "आणि हे?"

"ते तुमचेच, मावशी," म्हणत सरांनी त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला.