पावडर २

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कारण सांगितलं तर हे हसतील, त्यामुळे त्यांना सांगितलेलं नाही.

आज ताईंकडे, म्हणजे माझ्या मोठ्या जावेकडे, पापड होते. पाच किलोचं डांगर, आम्ही चौघी, आणि मधल्या खोलीभर पसरलेल्या जुन्या साड्या. लाट्या पाडायचं काम माझ्याकडे असतं. दोऱ्याने एकसारख्या लाट्या फक्त मला जमतात असं सासूबाई म्हणायच्या, ते अजून चालत आलंय. अकराच्या सुमारास बघते तर फोन नाही. ओट्यावर नाही, पर्समध्ये नाही. ताई गॅसपाशी होत्या, म्हणाल्या, "माझ्यावरून लाव की." त्यांच्या फोनला लॉक नसतं. माझ्या बोटांना तेल आणि पीठ, स्क्रीन काही केल्या ऐकेना. मग करंगळी पदराला पुसली आणि एकेक आकडा दाबला. बिझनेसचा नंबर लावला, कारण तो सोपा आहे, शेवटचे चार आकडे सारखे. दहावा आकडा पडला आणि वर नाव आलं.

पावडर २.

तेवढ्यात खिडकीखालच्या साडीच्या घडीत काहीतरी गुरगुरायला लागलं. कडेचे दोन-तीन पापड थरथरत होते. वन्संनी हात घालून माझा फोन बाहेर काढला, सगळ्या हसल्या. मीही हसले. कॉल कट केला, ताईंचा फोन फ्रिजवर पालथा ठेवला आणि परत दोरा हातात घेतला. त्यानंतरच्या लाट्या लहानमोठ्या झाल्या. कोणी काही बोललं नाही.

अठरा वर्षं झाली या घरात येऊन. माझं नाव नाही, भाऊजींची बायको नाही, मुक्ताची आई नाही. पावडर.

बरं, नंबर सेव्ह करा म्हणून मागे लागले होते मीच. आमच्यात, म्हणजे या पावडर-शाम्पूच्या नेटवर्क मार्केटिंगमध्ये, पहिल्याच ट्रेनिंगला सांगतात: व्हॉट्सॲपचं ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतं ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून भेटेल त्याच्याकडून आधी नंबर सेव्ह करून घ्या. मी घेतला. हळदीकुंकवात घेतला, लग्नाच्या पंगतीत घेतला, मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघताना घेतला. "सेव्ह केला का? मग एक हाय पाठवा बरं." मेसेजवर दोन टिका आल्या की मला केवढं बरं वाटायचं, की चला, यांच्याकडे आपलं नाव आहे. नाव काय आहे हे विचारायचं असतं, असं कोणी शिकवलं नाही.

किती जणांच्या फोनात मी काय काय असेन? पावडरवाली. प्लॅनवाली. उचलू नये. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसं बसतात. माझी यादी दोनशेच्या वर आहे.

पुरे. पाणी पिऊन येते.

आता हे नवीनच. पाणी पिता पिता लक्षात आलं. पावडर २ आहे म्हणजे पावडर १ पण असणार. ती कोण?

मला पहिल्यापेक्षा याचंच जास्त लागलं, खरं सांगते. ताईंच्या ओळखीत या लाइनमधलं दुसरं कोणी आहे आणि ती माझ्या आधी पोचली? मी त्यांना प्लॅन दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला यातलं काही कळत नाही बाई." कळत नाही म्हणणाऱ्या बाईकडे पावडरीच्या पण जागा ठरलेल्या. आणि मी दोन नंबरची.


बुधवार, दुपारी

सकाळी आठची बिझनेसची झूम मीटिंग होती. मॅडम म्हणाल्या, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा. मी व्हिडिओ बंद ठेवून मेथी निवडत होते.

हा फोन घेतला तो याच झूमपायी. आधीचा रेडमी नोट ४ होता, २०१७ साली तीन जीबीवाला १०,९९९ ला मिळाला होता, तोही तिसऱ्या प्रयत्नात. सेल सुरू व्हायचा आणि 'ॲड टू कार्ट' दाबेपर्यंत संपायचा. गुणी फोन. पण झूमवर माझा चेहरा चौकटी चौकटींचा दिसायचा, आणि मॅडमनी खाजगीत सांगितलं, "ताई, समोरच्याला तुमच्यात यश दिसलं पाहिजे." यश दिसायला किमान आठ जीबी रॅम लागते. मग १६,९९९ चा घेतला. नऊ हप्ते, नो कॉस्ट. नो कॉस्टवर १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. हे म्हणाले होते, एवढा कशाला? मी म्हणाले, ही इन्व्हेस्टमेंट आहे. हा शब्द मी त्या वर्षी फार वापरला. मिक्सर सोडून सगळीच इन्व्हेस्टमेंट होती.

आमच्या घरातला पहिला टचचा फोन यांचा. नोकिया ५२३३, त्यात थ्रीजी नाही, वायफाय नाही. स्क्रीनवर नुसतं बोट ठेवून भागायचं नाही, दाबावं लागायचं, मी नख वापरायचे. पण तो पिठाच्या हाताने पण चालायचा. काल तो असता तर करंगळी पुसावी लागली नसती आणि… नाही, नाव तर आलंच असतं. कुठल्याही फोनात नाव येतंच.

वही काढली दुपारी. एरवी काढत नाही. मागच्या वर्षभरात बँकेत आलेलं कमिशन, टीडीएस कापून, ११,२६०. सगळ्यात चांगला महिना दिवाळीचा, ४,१००. सगळ्यात वाईट महिना नाही लिहीत. आणि ॲक्टिव्ह राहायला दर महिन्याला स्वतःच्या आयडीवर जी खरेदी करायची ती साधारण २,२०० धरली तर बाराने गुणून २६,४००. मुक्ताने विचारलं, आई रडतेयस का? मी म्हणाले, कांदा. भाजी मेथीची होती.

अर्थात २६,४०० ची पावडर, शाम्पू, टूथपेस्ट घरात वापरलीच की. टूथपेस्ट चांगली आहे. हे मी विकायला नाही म्हणत, खरंच चांगली आहे. (बघा, कंसात पण विकायला लागले.)

मुक्ताने एकदा माझ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करून दाखवला होता. मॅडम म्हणतात, तुम्ही फक्त सहा जणी आणा, त्या सहा आणतील. तिने सहाला सहाने गुणत नेलं. सातव्या पायरीला २,७९,९३६ आले. वरच्या सगळ्या मिळवल्या तर ३,३५,९२२. मग म्हणाली, २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून पाच लाखांच्या थोडी वर माणसं आहेत, त्यात तान्ही बाळं पण धरलीत. आठव्या पायरीला आई, तू सोळा लाख कुठून आणणार? मी म्हणाले होते, कोल्हापूर आहे ना. तेव्हा दोघी खूप हसलो होतो. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार आहे, तिलाही मीटिंगला बसवा.

पण हे सगळं पैशाचं आहे आणि मला आज पैशाचं वाईट वाटत नाहीये. पैशाचं मी कधीच मान्य केलंय मनातल्या मनात. वन्संचे ते तीन हजार सोडून. त्याबद्दल नंतर.

मला ते नाव टोचतंय. आणि त्याहून, ते ताईंनी टाइप केलं हे टोचतंय. त्या शांतपणे बसून, चष्मा लावून, प, काना, व… मराठीतून. ताईंना मराठी कीबोर्ड मीच लावून दिला होता.

आणि कॉल लॉग! ते मी पुसलंच नाही. त्यांच्या फोनात मंगळवारी अकरा वाजता पावडर २ ला गेलेला कॉल आहे. म्हणजे मी बघितलंय हे त्यांना कळलं असेल. किंवा नसेल. त्या कॉल लॉग कधी बघतात?


बुधवार, रात्री

न राहवून माझाच फोन उघडून बसले. ट्रेनिंगला ओळखीच्यांची लिस्ट बनवा म्हणाले होते तेव्हा शंभर नावं लिहायची होती, मी कागदावर न लिहिता फोनमध्येच नावापुढे खुणा केल्या. हॉटला (लगेच येईल) ह, वॉर्मला (कदाचित येईल) वा, कोल्डला (येणार नाही) को. नंतर त्या काढायच्या राहूनच गेल्या.

शिंदे काकू ह. डेअरीवाले वा. मुक्ताच्या वर्गशिक्षिका वा. डॉक्टर (दाताचे) को. वन्सं ह. वन्संपुढच्या त्या ह कडे फार वेळ बघवलं नाही.

मोठ्या ताई वा.

आणि आई को.

आईला मी कोल्ड लिहिलंय. कारण ती म्हणाली होती, "पैसे हवेत तर घेऊन जा, डबा नको ठेवूस." तिचा फोन येतो तेव्हा दरवेळी स्क्रीनवर 'आई को' येतं आणि मला गेली दोन वर्षं ते दिसलेलंही नाही.

आता ताईंवर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने. तरी रागावलेच थोडी. माझ्या खुणेत निदान त्यांचं नाव तरी शाबूत आहे.

सगळ्या खुणा काढत बसले. एकशे काही झाल्या आणि फोन गरम झाला. या किमतीतले फोन अपडेटनंतर असेच होतात म्हणे. 'ह' काढताना एका बाईंचं पूर्ण नावच गेलं, आता नुसता नंबर आहे, कोण ते आठवत नाही.

मध्येच ते पीडीएफ सापडलं, मॅडमनी सगळ्यांना पाठवलेलं. डायरेक्ट सेलिंगचे सरकारी नियम, २८ डिसेंबर २०२१ चे. आपलं काम कायद्यात बसतं हे लोकांना दाखवायला पाठवलं होतं, आम्ही पहिलं पान दाखवायचो. आज पुढची पानं वाचली. जॉइनिंगची फी घ्यायची नाही असं आहे, म्हणून आमच्यात तिला पहिली खरेदी म्हणतात, हे आत्ता डोक्यात शिरलं. आणि एक नियम असा, की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. म्हणजे संक्रांतीला मी ताईंकडे वाण घेऊन गेले, पिशवीत सॅशे होते, ते बेकायदा. पापडाला पण गळ्यात ओळखपत्र अडकवून जायला हवं होतं. लाट्या पाडताना त्याला तेल लागलं असतं तेवढंच.

हसू आलं मला. रात्री एक वाजता एकटीच हसत होते. हे कूस बदलून म्हणाले, "लागली का टार्गेट?"


शुक्रवार

पावडर १ सापडली. म्हणजे मला वाटतंय की सापडली.

सकाळी रिचार्ज करायला घेतलं. दोन सिम, दोन रिचार्ज, आणि हेही पैसे वहीत धरायचे राहिलेत ते सोडा. एक बिझनेसचं, मॅडमच्या सांगण्यावरून घेतलेलं. दुसरं आपलं जुनं, लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेलं, तेव्हापासून तेच. बोट रिचार्जच्या बटणावर आणि डोक्यात लख्ख. मी ताईंना दोन्ही नंबरांवरून फोन करते. हाही सेव्ह करून ठेवा, असं मीच म्हणाले होते. त्यांनी ठेवला. दोन नंबर, एक माणूस. एक आणि दोन.

म्हणजे जुना नंबरसुद्धा. मुक्ता झाली तेव्हा हॉस्पिटलमधून ज्यावरून कळवलं तो. सासऱ्यांच्या वेळी रात्री अडीचला ज्यावरून लावला आणि त्यांनी पहिल्या रिंगला उचलला तो. बिझनेसचा नंबर पावडर होता तर ठीक होतं, ते त्याचं कामच आहे. पण तोही…

की असं नसेलच. असेलच कोणीतरी दुसरी पावडर.

मग परीक्षा घेतली. जुन्या नंबरवरून लावला, साडेदहाला, त्यांची पूजा झालेली असते. पूर्ण रिंग वाजली. उचलला नाही. पाच मिनिटांनी बिझनेसवरून. उचलला नाही. ताई घरीच होत्या. आमच्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते, मंगळवारचे पापड उन्हात घालत होत्या आणि फोन कठड्यावर होता. वाजला की त्या वाकून बघत होत्या आणि परत पापड पसरत होत्या. दोन्ही वेळा.

खाली आले. यांचा फोन चार्जिंगला होता. विचार केला नाही, लावला. दुसरी रिंगही पूर्ण झाली नाही.

"हं, बोला भाऊजी."

मला खरं तर म्हणायचं होतं की डांगर थोडं उरलं असेल तर मुक्ताला हवंय, तिला कच्चं आवडतं. तेच म्हणायचं ठरवून लावला होता. पण तोंडातून निघालं,

"मी. पावडर बोलतेय."

पलीकडे काहीच नाही. कावळा ओरडला तो फोनमधूनही ऐकू आला आणि आमच्या खिडकीतूनही. मला वाटलं ठेवला त्यांनी.

मग ताई म्हणाल्या, "कुठली, एक की दोन?"