आधी बाटल्या, मग अँटिबायोटिक

आज कॅज्युअल्टीत एक डोळा आजोबांवर, एक घड्याळावर. आले तेच बरळत, बीपी ८०/५०, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटलेली. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेला. अशा वेळी अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं आणि जमलं तर त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला खास बाटल्यांत घेतलेलं रक्त. औषध एकदा रक्तात गेलं की बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता घटते, मग नेमका कोण हे कळणं अवघड.

पण शीर सापडेना! तिसऱ्यांदा टोचलं तरी बाटलीत जेमतेम थेंब. सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या, काही न बोलता. खरं सांगायचं तर पाच मिनिटं मी जास्तच हट्ट केला. कल्चरपायी ४५ मिनिटांच्या वर अडून राहू नका, हे ज्युनिअरना सांगणारी मीच! शेवटी मांडीतून रक्त मिळालं (तिथे कातडीवरचे जंतू मिसळायची धास्ती, म्हणून जागा दोनदा पुसली). बाटल्या भरल्या, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय का हे सांगणारी तपासणी) पाठवलं, लगेच औषध. आल्यापासून ३८ मिनिटं.

लॅक्टेट ५.२, बरंच वाढलेलं. सलाईन, मग बीपी वर आणणारं नॉरॲड्रेनलिन. संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "माझा चष्मा कुठाय?"

कल्चरचा रिपोर्ट यायला अजून दोन दिवस तरी आहेत.